दोन तोंडांचा डबा

त्याच्याशी बोलायला गेलात की तो आधी तुमचं कोपर धरायचा आणि एखादी खुर्ची हलवावी तसं तुम्हाला आपल्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला आणून उभं करायचा. "पल्याड या. इकडचं शटर खाली हाय," असं म्हणायचा आणि मगच ऐकायला लागायचा.

यात साहेब-शिपाई असा भेद नव्हता. आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात एकदा परदेशी पाहुणे आले होते. त्यांतल्या मुख्य पाहुण्याचंही कोपर धरून त्यानं त्याला फिरवलं. पाहुण्याला वाटलं, ही इकडची स्वागताची रीत असावी. त्यानं पुढच्या माणसाचं कोपर धरलं आणि आमच्या मॅनेजरला उगाच एक गिरकी दिली.

डावा कान लहानपणीच गेला होता. कसा गेला, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. शिकलेला माणूस असला की मास्तरांनी थप्पड मारली. खेड्यातला असला की सिल्लोडच्या विहिरीत सूर मारताना पाणी शिरलं. मी विचारलं तेव्हा गंभीर चेहरा करून म्हणाला, "तुमच्यासारख्याच एका उस्तादाची गिटार जवळून ऐकली व्हती."

मला तो उस्ताद म्हणायचा. लोकांना वाटे, मान देतोय. मान नव्हता तो. मी त्याला भाई म्हणत असे, कारण सगळेच म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याचं सगळ्यांना कौतुक आणि आपल्या एकट्याच्या पोटात दुखणं. माझ्या वाट्याला हा आला. आता तो नाही, तरी माझं पोट दुखायचं थांबलेलं नाही, आणि थांबावं असा माझा काही प्रयत्नही नाही.

तो टेस्टिंगला होता आणि मी मेंटेनन्सला. आपल्या कामाचा त्याला भारी तोरा. शर्टाच्या खिशात टेस्टर असा खोवायचा की जणू पार्करचं पेन. कोणी चांगलं काम केलं तर "ठीक हाय" म्हणायचा आणि स्वतः केलं तर "बघा, याला म्हणतात काम." वाद्य मात्र त्याला एकही वाजवता येत नव्हतं. साधी शिट्टीसुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

मला येत होतं. मी गिटार वाजवायचो. सुट्टीच्या दिवशी शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात असायचो. लग्न, गणपती, कुठं गॅदरिंग, असं आमचं चाले. लोक ओळखायचे. मुकुंदवाडीच्या स्टेशनवर एकदा एका अनोळखी माणसानं मला "गिटारवाले ना तुम्ही?" म्हणून बसायला जागा दिली होती. म्हणजे बाहेर बरं होतं. घरात मात्र पिकतं तिथं विकत नाही अशी गत. बायकोला माझी गिटार आवडत नव्हती. नावं ठेवायची असंही नाही. नावं ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं. मी वाजवायला बसलो की ती उठून दळण निवडायला घ्यायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "गाण्यात बोल असले तर कळतं. ह्या निस्त्या तारांचं मला काय कळतं?"

तिला आवडावं, एवढंच मला हवं होतं. टाळ्या पुष्कळ मिळत होत्या. तिचं एक "छान" मिळत नव्हतं.

म्हणूनच तो डबा केला. तेव्हा गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायपेट्या बाहेरून यायच्या आणि आमच्यासारख्यांना त्यांची चित्रंच बघायला मिळायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात एक सर्किट छापून आलं. गिटारचा आवाज आत गेला की त्याच्या दोन वाटा व्हायच्या. एक सरळ जायची. दुसरी एका आयसीच्या चिपमधून जरा रेंगाळत, हेलकावे खात यायची. शेवटी दोन्ही वाटा एकत्र होऊन बाहेर पडल्या की एका गिटारीच्या दोन-तीन गिटारी झाल्यासारखं वाटायचं. सुटे भाग शहागंजातून आणले, प्लेट स्वतः कोरली, स्वतः झाळली. बाहेरून धातूची पेटी हवी होती. बायकोच्या माहेरचा एक अॅल्युमिनियमचा चपटा जेवणाचा डबा वर फळीवर पडून होता, त्याला भोकं पाडली. वरच्या झाकणाला पायानं दाबायचं बटण बसवलं.

पहिल्यांदा लावला तेव्हा खोली भरून आवाज आला. मी डोळे मिटून वाजवत होतो. डोळे उघडले तर बायको दारात उभी. मला वाटलं, जमलं.

"अन्नाच्या डब्यावर पाय देता?" ती म्हणाली.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शाळेत असताना त्या डब्यातून तिनं भाकरी नेली होती म्हणे. मी समजावलं, आता तो डबा राहिला नाही, ते यंत्र झालं. तिला ते पटेना. हे मी कारखान्यात चहाच्या वेळी हसण्यावारी नेत सांगितलं. भाईनं कोपर धरून मला पल्याड घेतलं, पुन्हा सगळं ऐकलं आणि म्हणाला, "भाभीचं बरोबर हाय. अन्नाला पाय नाय लावायचा."

रविवारी तो घरी हजर. हातात लाकडी पाट. त्या पाटाला त्यानं बटण बसवलं, पाटापासून डब्यापर्यंत वायर ओढली, आणि डबा उचलून स्टुलावर, माझ्या छातीच्या उंचीवर ठेवला. पाय पाटावर, डबा मानानं वर. मग बायकोला म्हणाला, "भाभी, आता चालंल का?"

ती हसली. माझ्या डब्यावरून ती पहिल्यांदा हसली ती अशी, त्याच्याकडे बघून. वर त्याला चहा आणि मला विचारणा, "तुम्हाला पण टाकू का?"

मला काय ठाऊक, पाट लागतो ते? मासिकात तसं लिहिलं नव्हतं.

त्यानंतर कारखान्याची सहल वेरूळला गेली, बायकापोरांसकट. सगळे लेणी बघत होते, हा मात्र आवाज बघत होता. सुताराच्या लेण्यात, जिथं छताला लाकडाच्या वाशांसारख्या दगडी कमानी आहेत, तिथं बोललेलं घुमतं. त्यानं मधोमध माझ्या बायकोला उभं केलं. "भाभी, डोळे झाका. मी टाळी वाजवतो. कुठून आली ते बोटानं दाखवा." आणि हा चपला काढून, पावलं न वाजवता, खांबांच्या मागून फिरायला लागला.

ती दर वेळी बरोबर दाखवायची. टाळी कुठली आणि तिचा पडसाद कुठला, हेसुद्धा. म्हणाली, "ही खरी. आणि ती मागची, ती भिंतीवरून आली. भिंतीवरची जरा उशिरा येते आणि मऊ लागते."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "भाभी, मला सगळं एकाच ठिकाणाहून येतं. हितून." आणि उजव्या कानावर बोट ठेवलं. "तुमच्याकडं दोन असे कान हायेत, आन् तुमी त्यात निस्ती कुकरची शिट्टी ऐकता व्हय?"

सगळे हसले. बायको लाजली. मी पण हसलो, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. इतकी वर्षं घरात गिटार वाजवतोय आणि माझ्या बायकोला कान आहेत हे ह्या एका कानाच्या माणसानं शोधून काढावं.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात स्टिरिओ शिरलं. डावीकडून एक, उजवीकडून एक, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मधेच कुठंतरी तिसरं. लोक सांगतात ते कसं असतं, हे त्याला कधी कळलं नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट त्याला सहन होत नसे. तो माझ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "उस्ताद, तुमचं पाणी दोन पाटांनी येतं, आन् शेवटी तुमी दोन्ही पाट एका हौदात सोडता. कायकू? दोन नळ काढा. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला."

मी म्हणालो, चाललंय ते चालू दे. माझा डबा, माझी प्लेट, माझं झाळण. त्यात कोणी हात घालायचा नाही.

"डबा तर भाभीचा हाय," तो म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून परवानगी मागितली. तिनं आतूनच सांगितलं, "करा की. झालं तर झालं."

एक घाव दोन तुकडे. माझ्याच घरात माझ्या डब्याचा निकाल माझ्याशिवाय लागला.

काम त्यानं माझ्यासमोरच केलं. जिथं सरळ आवाज आणि हेलकावणारा आवाज एकत्र येत होते, तो सांधा त्यानं सोडवला. सरळ वाट जुन्या भोकाकडे जाऊ दिली. दुसरीसाठी डब्याच्या उजव्या कुशीला नवं भोक पाडलं. पहिल्यांदा तिकडून नुसती घरघर आली आणि आवाज इतका बारीक, की शेजारच्या घरातून येतोय असं वाटावं. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. पण तो हटला नाही. मधे एक लहानशी आयसी बसवली, जी आवाज ओढून न घेता पुढं ढकलते. घरघर गेली. आवाज भरला.

मग बायकोला दोन स्पीकरच्या मधे बसवलं आणि प्रश्न सुरू. "डावीकडून काय येतं? उजवीकडून? मधे काय हाय का? वर हाय का खाली हाय?" ती डोळे मिटून सांगत होती. तो मान हलवत होता. मी वाजवत होतो. मी काय वाजवतोय याच्याशी दोघांनाही काही घेणंदेणं नव्हतं. मी मधेच एक सूर मुद्दाम चुकवून पाहिला. कोणी ओळखलं नाही.

त्यानंतर ऑर्केस्ट्रात सगळे माझ्या डब्याला "भाईचा डबा" म्हणायला लागले. मी सुधारायचो. "सर्किट माझं आहे, भाईनं फक्त दुसरं तोंड पाडलं." ते हो म्हणायचे आणि पुन्हा भाईचा डबाच म्हणायचे. बायकोसुद्धा. "भाईंचा डबा पुसून ठेवलाय," असं.

आता सिल्लोडचं सांगतो.

सिल्लोडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं लग्न होतं. भाईच्या ओळखीचं घर. दुपारची दावत आणि दावतीत आमचा ऑर्केस्ट्रा. "भाभींना आणा," म्हणून त्यानं बजावून सांगितलं होतं, म्हणून तीही आली. मंडप मोठा. आम्ही समोर, आणि मंडपाच्या मधोमध स्टेजपासून पार मागपर्यंत कापडी कनात लावलेली. डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका. आपल्याकडं लग्नात बसायची ही जुनी रीत, त्यात नवल काही नाही. आवाजाच्या पेट्याही तशाच, डाव्या पेट्यांची तोंडं पुरुषांकडं, उजव्यांची बायकांकडं.

कार्यक्रमाआधी भाईनं स्वतः तपासणी केली. मला वाजवायला सांगून तो पुरुषांकडच्या पेटीसमोर गेला, चांगला कान लावला, मान हलवली. मग बायका यायच्या आत कनातीपलीकडं गेला, तिथल्या पेटीला कान लावला, पुन्हा मान हलवली. येऊन म्हणाला, "दोन्ही फस्क्लास."

दोन्ही फस्क्लासच होत्या. प्रश्न तो नव्हता.

आम्ही सुरू केलं. गायक गात होते तोवर ठीक चाललं. मग माझी एकट्याची धून आली, ज्यासाठी लोक मला ओळखतात ती. मी जीव ओतून वाजवली. पुरुषांकडं बघतो तर चेहरे सुके. एक जण जांभई देतोय. धून संपल्यावर चार टाळ्या, त्याही पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून दिलेल्या. यजमान स्वतः स्टेजजवळ येऊन आमच्या म्होरक्याला म्हणाले, "गिटारवाला थकला का? दम नाय आज."

एवढ्यात कनातीपलीकडून एक बाई फिरनीचे मातीचे कसोरे घेऊन आली. यजमानीणबाईंनी गिटारवाल्यासाठी पाठवलेत, आणि तीच धून पुन्हा लावायला सांगितलीय. यजमान म्हणाले, "ती नक्को. दुसरं काहीतरी घ्या." कनातीच्या आतून आवाज आला, "नक्को कायकू? तीच होना." यजमान म्हणाले, "अरे, काय हाय त्यात?" आतून उत्तर, "तुमना कान हैं की नै?" नवरा-बायको कनातीच्या दोन बाजूंनी माझ्या गिटारीवरून भांडत होते आणि मी फिरनीचा कसोरा हातात घेऊन मधे उभा होतो. म्होरक्याला काही कळेना. शेवटी यजमानीणबाई जिंकल्या. मी ती धून पुन्हा वाजवली. पुरुष पुन्हा सुके, आणि कनातीपलीकडं अशी शांतता, की लेकरंसुद्धा रडायची थांबली.

परतताना जीपमध्ये भाई पुढं ड्रायव्हरशेजारी होता, मी आणि बायको मागं. सिल्लोड सुटल्यावर ती माझ्याकडे न बघता, बाहेर मक्याच्या शेतांकडे बघत म्हणाली, "आज तुमची गिटार आवडली."

मी गिटारीची पिशवी मांडीवर नीट धरली. बोललो असतो तर ती थांबली असती.

"सगळ्या बायका गप झाल्या होत्या. माझ्या शेजारची म्हातारी तर डोळे पुसत होती. मला पण काहीतरी झालं. पाण्यातून आल्यावाणी येत होती. आजपर्यंत अशी कधी ऐकली नव्हती."

काय सांगू तुम्हाला. पुरुषांची जांभई, यजमानांचं ते "दम नाय", सगळं धुऊन निघालं. ज्यासाठी इतकी वर्षं बोटं झिजवली ते मिळालं होतं. रस्ता खराब होता, जीप आदळत होती, आणि मला वाटत होतं की हा प्रवास असाच घराच्याही पुढं कुठंही गेला तरी चालेल.

हा आनंद फुलंब्रीपर्यंत टिकला.

फुलंब्रीला चहाला थांबलो तेव्हा भाई आपल्याच विचारात होता. त्यानं बायकोला विचारलं, "भाभी, तुमी कुठं बसल्या होत्या?"

"उजव्या अंगाला. पेटीच्या समोरच."

"तिथं सरळ आवाज येत व्हता का? टाळीवाणी, खडखडीत? का निस्ता भिंतीवरचा?"

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "नुसता भिंतीवरचा."

त्यानं कपाळावर हात मारला. "उस्ताद, गफलत झाली. मी ह्या पेटीला कान लावला, मग त्या पेटीला लावला. दोन्ही एका टायमाला मला ऐकू येतच नाय, तर माझ्या टकुऱ्यात कसं येणार? मधे कनात. गड्यांना निस्तं तुमचं कोरडं गेलं, बायांना निस्तं माझं पाणी गेलं."

जगात स्टिरिओ ऐकायला लोक मधोमध बसतात. आमच्याकडं मधोमध कनात असते.

चूक त्याला कळली तशी मलाही कळली, पण वेगळी. बायकोला जी आवडली ती उजवीकडची. उजवीकडं माझा सरळ सूर गेलाच नव्हता. तिकडं गेलं ते त्याच्या भोकातून, त्याच्या आयसीतून. आणि डावीकडं जे गेलं, ते निव्वळ मी होतो, ते ऐकून लोक जांभया देत होते. मी चहा अर्धाच ठेवला.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "म्हणजे तुला माझी नाही, भाईची गिटार आवडली."

"भाईला वाजवता कुठं येतं?" ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

"मला नका सांगू कोणाचं काय. मला आवडलं." आणि ती भात लावायला गेली. भांडायला कोणी उरलं नाही.

पुढच्या रविवारी तो एक खटका घेऊन आला. डब्याच्या बाजूला बसवला. खटका एकीकडं केला की दोन्ही आवाज मिसळून दोन्ही तोंडांतून सारखेच जाणार. दुसरीकडं केला की वेगवेगळे. खुणेसाठी त्यानं बायकोचं नेलपॉलिश मागून घेतलं आणि काडीनं लाल अक्षरांत लिहिलं. एका बाजूला 'मंडप', दुसऱ्या बाजूला 'घर'. "मंडपात सगळ्यांना सगळं," तो म्हणाला, "आन् घरात ज्याचं त्याला." त्यानंतर खूप मोठ्या कंपन्यांच्या पायपेट्या बघितल्या, दुकानात हातात घेऊन बघितल्या. त्यांवर नाना तऱ्हेचे खटके असतात. हा कुठं दिसला नाही.

वर्षं गेली. ऑर्केस्ट्रा बंद पडला, कीबोर्डवाले एकटेच सगळं वाजवायला लागले. आम्ही दोघंही निवृत्त झालो. तो सिल्लोडला भावाकडं राहायला गेला, पण महिन्यातून एखाद्या दुपारी यायचाच. आला की पहिलं वाक्य, "लावा डबा. घरावर ठेवा."

मग त्याचा उजवा कानही उतरायला लागला. आधी त्यानं कोणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते असं, की एकदा मी बोलायला गेलो आणि त्यानं माझं कोपर धरलंच नाही. कुठल्याही बाजूला उभा राहिलो तरी सारखंच होतं. कानाचं यंत्र लावून पाहिलं, त्यात भांड्यांचे आवाज मोठे व्हायचे आणि माणसांचे फुटायचे. तो यंत्र खिशात ठेवायचा, टेस्टरशेजारी. तोरा मात्र तसाच. "आता दुसरं शटर पण निम्मं खाली हाय," म्हणायचा. "गिऱ्हाइकी कमी झाली."

तरी यायचा. मी वाजवायचो. तो उजव्या पेटीवर तळहात टेकून बसायचा, जसा आजारी माणसाच्या कपाळावर टेकवतात. आणि बायकोला विचारायचा, "भाभी, सांगा."

ती त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगायची. एके दिवशी सांगितलेलं मला पाठ आहे. "डावीकडून हे चालत येतायत. नेहमीसारखे, चपला फरपटत. आन् उजवीकडून पण हेच येतायत, पण अनवाणी. ओल्या फरशीवरून."

"दोन्हीकडून हेच?" त्यानं विचारलं.

"मग आणखी कोण?"

त्यानं पेटीवरचा हात उचलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ठीक हाय, उस्ताद." त्याच्या तोंडून मला मिळालेली ही एकच शाबासकी.

मी वाजवत राहिलो. डोळे भरले होते ते दिसू नयेत म्हणून मान खाली घातली. पण खरं सांगू? त्यातही आत कुठंतरी जळतच होतं. माझ्याबद्दल ती आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलली नव्हती, आणि बोलली ती त्याच्या कानात.

तो सिल्लोडलाच गेला. सकाळी चहा घेऊन भावाची सून गेली तर उठला नाही. आम्ही दोघं गेलो. जनाजा निघाला तेव्हा मला डाव्या बाजूला खांदा मिळाला. थोडं चाललो आणि पुढचा माणूस आल्यावर बाजूला झालो. मग मी गर्दीतून वाट काढत पलीकडं गेलो आणि कबरस्तानापर्यंत उजव्या बाजूनं चालत राहिलो. का ते कोणी विचारलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस डबा फडक्यात गुंडाळून होता. एका दुपारी मी तो काढला. पाट मांडला, स्टूल ठेवलं, दोन्ही वायरी लावल्या, खटका 'घर'वर. नेलपॉलिशचं 'घ' आता पुसट झालंय. बायको आत स्वयंपाकघरात गहू निवडत बसली होती. मी ती जुनी धून सुरू केली.

निम्म्यात थांबलो. आता बघायला हरकत नव्हती. त्याला वाईट वाटायचा प्रश्न नव्हता आणि कोणी सांगणारंही नव्हतं. मी हळूच उजव्या तोंडातली वायर उपसली आणि धून पहिल्यापासून धरली. आता फक्त डावीकडचं. फक्त मी, कोरडा, चपला फरपटत.

सुपातले गहू वाजायचे थांबले.

"भाईंचं कुठं गेलं?" तिनं आतून विचारलं.

"काही नाही, वायर सैल झाली होती," मी म्हणालो, आणि परत लावली.